पाच आठवडे बिनवासाचे

ती. ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षातला गेल्या वर्षापासून बंद आहे, कागदावर मात्र मी अजून ऐसपैस लोटांगण घालू शकतो.) तुझी कंबर कशी आहे? भावोजी कानाचं यंत्र लावतात का, की तू बोलायला लागलीस की ते अजूनही खणात जातं? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. हेच वाक्य मी गेल्या तीन पत्रांत लिहिलं होतं आणि तिन्ही वेळा ते धादांत खोटं होतं. आज ते खरं आहे, म्हणून हे पत्र लांबणार. चष्मा पुसून घे.

तुला मी फक्त कळवलं होतं की तुझ्या भावजयीला सर्दी-ताप झाला आणि चार दिवसांत उतरला. ताप उतरला, पण जाताना तिच्या नाकातला वास आणि जिभेवरची चव दोन्ही घेऊन गेला. हे तिने मला सांगितलं नाही. मला कळलं ते चहामुळे. सकाळी तिने नेहमीसारखं आलं किसून, पाणी चांगलं खळखळू देऊन चहा केला आणि त्यात आदल्या दिवशीचं, उघड्यावर राहिलेलं दूध घातलं. मी एक घोट घेतला आणि सवयीने "छान झालाय" म्हणालो. (लग्नाला चौतीस वर्षं झाली, हे वाक्य माझ्या घशात कायमचं बसवलेलं आहे.) मग मी समोर पाहिलं तर ही तोच आंबूस, फाटका चहा शांतपणे पीत होती. जिला शेजारच्या घरातल्या फोडणीत लसूण जास्त झाला तर भिंतीपलीकडून कळायचं, ती! मी म्हटलं, "अगं, दूध नासलंय." तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मला कळलं नाही. मला आठ दिवस काहीच कळत नाहीये." एवढं म्हणून ती उठली आणि कप विसळू लागली. कप विसळायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे. तिला पाव तास लागला.

डॉक्टर म्हणाले, येईल परत. कधी, ते सांगता येत नाही. तीन आठवडे, तीन महिने. (डॉक्टरांचा "येईल" आणि आपल्या जुन्या न्हाव्याचा "येतील" हे मला एकाच जातीचे वाटतात. माझ्या डोक्याकडे बघ.) सकाळ-संध्याकाळ चार ठरावीक वास घ्यायचे आणि आठवायचा प्रयत्न करायचा, एवढंच औषध. मी चार बाटल्या धुऊन वाळवल्या, एकीत लवंग, एकीत लिंबाची साल, एकीत कॉफी, एकीत वाळवलेला पुदिना भरला आणि सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. तिसऱ्या आठवड्यात ही एका बाटलीचा वास घेऊन म्हणाली, "येतोय हं थोडा थोडा. लवंग. अगदी लवंग." मी आनंदाने बाटली हातात घेतली, हुंगली, तर आत लिंबाची साल. चिठ्ठी मी चुकीची चिकटवली होती. छापखान्यात छत्तीस वर्षं प्रुफं तपासली, लोकांच्या काना-मात्र्यांवर लाल शाई सांडली, आणि घरात चारच चिठ्ठ्या होत्या त्यांत दोन चुकवल्या! पण ताई, खरं दुःख ते नव्हतं. तिला काही येत नव्हतं. ती माझं समाधान व्हावं म्हणून चिठ्ठी वाचत होती. बाटली जागेवर ठेवली आणि "वा, प्रगती आहे" म्हणून गच्चीवर गेलो.

आणि नेमकं त्याच आठवड्यात सूनबाईच्या आई-वडिलांचं ठरलं की सुट्टीत आपल्याकडे जेवायला यायचं. विहीणबाई म्हणजे कोण, तर मोठ्या हॉटेलात वीस वर्षं मुख्य आचारी होत्या. (व्याही गरीब माणूस आहेत. वाढलेलं खातात आणि पुढे सरकतात.) मी म्हटलं, पुढे ढकलू. ही म्हणाली, "काय कारण सांगणार? नाक हरवलंय म्हणून?" आणि तिने माझ्याकडून वचन घेतलं की त्यांच्याबरोबर येणाऱ्या मुलाला, सुनेला, कुणालाही कळता कामा नये. स्वयंपाक ती करणार, चव मी घेणार, आणि "छान" या शब्दाला स्वयंपाकघरात बंदी.

बेत साधा होता. टोमॅटोचं सूप आपल्या आईचंच: आठ टोमॅटो, एक कांदा, दाटपणाला एक बटाटा, शिजवून गाळायचं आणि शेवटी लोण्याचा गोळा. सोबत लसूण लावून भाजलेले बटाटे. गोड म्हणून दुधात मंद आचेवर शिजवलेला तांदूळ, त्यात दालचिनी. पहिला चमचा सुपाचा. मी म्हटलं, "छा–" तिने उलथणं उगारलं. मग मी विचार करून म्हणालो की जरा आंबट हवं. तिने लिंबू पिळलं. आता जरा जास्तच आंबट झालं, म्हणून बटाटा वाढवला. आता घट्ट झालं, म्हणून पाणी. पाण्याने चव गेली, म्हणून आणखी सहा टोमॅटो. तासाभराने सहा माणसांचं सूप तीन पातेल्यांत होतं आणि चौथं मी शेजाऱ्यांकडून आणायला निघालो होतो. दरम्यान बटाट्यांवरही मत देणं चालूच होतं. एका बटाट्यावरून निश्चित काही कळत नाही, म्हणून मी दुसरा घ्यायचो. शेवटी तिने ताट पाहिलं तेव्हा अकरा बटाटे उरले होते. "अहो, मी चव बघायला सांगितली होती, जेवायला नाही!" असं म्हणून ती हसायला लागली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा हसली. मग हसता हसता थांबून म्हणाली, "चौतीस वर्षं छान म्हणालात, त्यातलं खरं किती?" ताई, मी आयुष्यात इतका अडचणीत सापडलो नव्हतो. मी म्हटलं, बरंचसं. ती म्हणाली, "मग आज पण खरं सांगा. मी आंधळ्यासारखी रांधतेय."

पाहुणे दुपारी साडेबाराला आले. पान वाढलं. (सूप प्रत्येकाला दोन-दोन वाट्या, आग्रह करकरून. उरलेलं संपवायचं होतं.) विहीणबाईंनी एक चमचा घेतला, डोळे मिटले, आणि चमचा खाली ठेवला. मग त्यांनी पिशवीतून एक डबी काढून हिच्यापुढे धरली. त्यांच्या घरी सुट्टीच्या दिवशी करतात तो चहाचा मसाला होता, स्वतः कुटलेला. म्हणाल्या, "तुमच्या नाकाचं फार ऐकलंय मुलीकडून. ओळखा बरं, यात काय काय आहे?"

मुलगा कौतुकाने बघत होता, सून कौतुकाने बघत होती. मी टेबलाखाली स्वतःचाच गुडघा धरून बसलो होतो. हिने डबी नाकाशी नेली. बराच वेळ धरली. मला वाटलं, आता ही काहीतरी ठोकून देणार. सुंठ, वेलची असं काहीही म्हटलं असतं तरी निम्मं बरोबर आलं असतं. पण तिने झाकण लावलं, डबी खाली ठेवली आणि सरळ सांगितलं, "मला वास येत नाही. पाच आठवडे झाले. हे सूप मी चाखलेलं नाही, यांनी चाखलंय."

व्याह्यांचा चमचासुद्धा हवेत थांबला. मग विहीणबाई म्हणाल्या, "तरीच मी म्हणते, इतकं भित्रं सूप बायकांच्या हातचं नसतं." आणि त्यांनी आपली खुर्ची ओढून हिच्याजवळ नेली. त्यांचंही असंच झालं होतं, ऐन नोकरीत, सात महिने. हॉटेलात एका माणसालाही सांगितलं नाही. रोज घरी जाऊन रडायच्या. "तुम्ही पाच आठवड्यांत बोललात. मला जमलं नव्हतं हो," म्हणाल्या. मग काय विचारतेस! दोघी एकमेकींचे हात धरून अशा बोलायला लागल्या की सूप, बटाटे, नवरे, सगळं निवून गेलं. सूनबाई डोळे पुसत होती, चिरंजीव मला "बाबा, मला का नाही सांगितलं" म्हणून रागावत होते, मी वचनाचं कारण सांगत होतो आणि कुणाचंच कुणाकडे लक्ष नव्हतं.

आणि बोलता बोलता ही थांबली. मान वर केली. म्हणाली, "दूध लागलं."

आम्ही सगळे हुंगत राहिलो. कुणालाच काही येईना. मुख्य आचारीबाईंनाही येईना. मी लंगडत आत पळालो, तर दुधातला तांदूळ तळाला नुकता, अगदी नुकता लागायला लागला होता. मी आतून ओरडलो, "लागलंय गं, खरंच लागलंय!" इतक्या आनंदाने ही बातमी याआधी कुणी दिली नसेल. ही आत आली, पातेल्यावर वाकली आणि त्या वाफेत तोंड घालून उभीच राहिली. मला म्हणाली, "खाली करपट आहे, वर दालचिनी." मग ती रडली आणि मी गॅस बंद केला. (तेवढं भान मला राहिलं, याची नोंद घे.) सगळ्यांनी तो करपट भात पातेलं खरवडून खाल्ला. व्याह्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि आणखी मागितला.

तेव्हापासून रोज थोडं थोडं परत येतंय. काल साबण आला, आज पुदिना. मला आठवडाभर झोप इतकी गाढ लागतेय की हिला मला हलवून उठवावं लागतं. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता.क. – दुधात तांदूळ करताना पातेल्यात एक उलटी बशी टाकावी, म्हणजे तळाला लागत नाही. विहीणबाईंनी सांगितलं. आम्ही टाकणार नाही.

ता.क. २ – पत्रासोबतच्या पार्सलात माझा लोकरी कोट आहे. त्याचं असं झालं की बारा वर्षांपूर्वी सोडलेली सिगारेट मी या पाच आठवड्यांत, काळजीपोटी, गच्चीवर जाऊन पुन्हा ओढायला लागलो. (घरात कुणाला वास येणार नव्हता, हा विचार मनात आला नाही असं मी म्हणणार नाही.) आता सोडली आहे, शपथेवर. पण कोट सोडायला तयार नाही. तू तो चार दिवस उन्हात टाक, आणि हिने विचारलं तर सांग की गेल्या खेपेला मी तुझ्याकडेच विसरलो होतो. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता.क. ३ – वन्सं, नमस्कार. पार्सल पाठवत नाही, कोट इथेच धुतेय. बंद खोक्यातून वास दारापर्यंत आला. मी पाच मिनिटं खोकं मांडीवर घेऊन नुसती हुंगत बसले होते, इतकं बरं वाटलं. मग राग आला. तो अजून आहे.