तापाचा धूर

३ फेब्रुवारी १७८१

इंग्रज आले! सगळा उपसागर त्यांच्या जहाजांनी भरला. तिकडे युरोपात आमच्या डच राजवटीशी लढाई जुंपलीय म्हणे — इथे कुणाला पत्ता नाही! आपल्या बाजूनं एक-दोन तोफा उडाल्या, अब्रूपुरत्या, आणि बेट देऊन टाकलं. माझे भट्टीतले पाव करपले.

५ फेब्रुवारी

वखारींना कुलपं लागली. माझ्या पिठालासुद्धा. साखर, बंदुका, माणसं — या बेटानं कुणालाही काहीही विकलं. अमेरिकेतल्या बंडखोरांना जरा जास्तच. त्याचा राग काढतायत. लाल डगल्यातला अधिकारी म्हणाला, "चोरांची वस्ती आहे ही." म्हटलं, "चोरांचा पाव बरा चालतो तुम्हाला!" फिलिडानं मला मागं ओढलं. शेजारीण माझी, कपडे धुते. पूर्वी गुलाम होती, आता स्वतःची मालकीण. "अगं बये, जीभ आवर. ह्यांना हसता येत नाही."

७ फेब्रुवारी

किल्ल्यावर झेंडा अजून आपलाच. का?

८ फेब्रुवारी

कळलं. मेले कपटी!

सकाळी एक व्यापारी गलबत आलं. रीतीप्रमाणे तोफेची सलामी दिली. किल्ल्यानं उलट सलामी दिली — इंग्रजांनी आपल्याच गोलंदाजांच्या पाठीला संगीन लावली होती. नांगर पडला, तशी इंग्रजांच्या होड्यांनी घेरलं. माल गेला, माणसं कोठडीत. झेंडा दिसला, सलामी मिळाली की इथे येणारा दुसरं काही बघतच नाही. पिढ्यांची सवय!

आणि माझा योरिस कुरासाव बेटावरून निघालाय. गलबतात बंडखोरांसाठी बंदुकीची दारू. नवऱ्याला माझ्या नुसतं कोंडणार नाहीत. टांगतील.

१२ फेब्रुवारी

रोज गलबतं येतात. रोज सलामी. आम्ही बायका खिडकीतून बघतो. काल एकीनं ओढणी हलवली, तिच्या खिडकीत गोळी घातली.

१४ फेब्रुवारी

फिलिडा म्हणाली, "होड्या सगळ्या नेल्या. पोहत जाणारेस का नवऱ्याला सांगायला?"

"धूर करते. डांबराचा."

पिवळा ताप आला की आम्ही किनाऱ्यावर डांबराची पिंपं जाळतो, हवा साफ व्हावी म्हणून. तो काळा धूर दिसला की झेंडा कुणाचाही असो, गलबत पाठ फिरवतं.

"आणि शिपाई आले तर?"

"तू खाटेवर पडून कण्हायचं."

"ते जमेल. नवरा होता तोवर रोज तेच करत होते."

हसलो! बऱ्याच दिवसांनी.

१६ फेब्रुवारी

योरिसच्या गलबताची डागडुजी करायला ठेवलेलं डांबर घरामागच्या कड्यावर पेटवलं. शिपाई धावत आले. मी दारातच ओरडले, "ताप! आत बाई मरायला टेकलीय!" फिलिडा अशी कण्हली की मीच घाबरले. शिपाई पायवाटेवरूनच मागं. एक तर तोंडाला फडकं बांधून आणखी डांबर ठेवून गेला — लांबूनच! म्हणे, "विझू देऊ नको, बाई."

दुपारी एक गलबत आलं. थबकलं. वळलं!

१८ फेब्रुवारी

आजही वळली गलबतं. पण तो अधिकारी कड्याखाली उभा राहून बराच वेळ वर बघत होता. उद्या डॉक्टर पाठवतोय. फिलिडाला म्हटलं, तू जा डोंगरात. म्हणाली, "मग कण्हणार कोण?"

हात काळे झालेत, धुऊन निघत नाहीत. योरिस, आज दिस रे. धूर बघ आणि जा.

१९ फेब्रुवारी

योरिस आला, डॉक्टरच्याही आधी. दोन गलबतं होती बरोबर, दोन्ही धूर बघून वळली. त्यानं मात्र सगळी शिडं सोडली आणि सरळ आत आला. सलामीसुद्धा दिली नाही. धक्क्यावर पाय टेकताच धरला. कड्यावर मला ऐकू येत होतं — "मागाहून बांधा मला! आधी वर जाऊ द्या! तिथे ताप आहे, माझी बायको एकटी आहे!"