आत्मारामकाकांचं कपाट

३ नोव्हेंबर
नोकरी लागली! दाभोळहून फेरीबोटीनं धोपाव्याला उतरले, तिथून रिक्षानं अंजनवेल. आत्मारामकाका जहाजावरून निवृत्त झालेले, दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेलेली. त्यांना रोज चार तास जुन्या रहस्यकथा वाचून दाखवायच्या. राहणं-जेवण तिथंच. आई म्हणाली, पदवी घेऊन हर्णैत बसण्यापेक्षा बरं. माझी खोली माडीवर आहे, खिडकीतून खाडी दिसते. काकांची बहीण सगुणाताई घर सांभाळतात. आज खाडीतल्या तिसऱ्यांचं, शिंपल्यांचं कालवण होतं, दोनदा भात घेतला. ताईंना अक्षरओळख नाही, म्हणून मला बोलावलं.

५ नोव्हेंबर
कपाटभर पुस्तकं, सगळी साठ-सत्तर वर्षांपूर्वीची. पानं पिवळी, कोपरा दुमडला तर तुकडाच हातात येतो. हॅट घातलेले गुप्तहेर, कापलेली टेलिफोनची तार, विष घातलेला विडा. मला वाटलं होतं हसू येईल, पण आज पुढे काय होतं म्हणून मीच जेवायला उशीर केला. शेवटच्या प्रकरणाआधी काका थांबवतात आणि गुन्हेगार ओळखायला लावतात. मी चुकले. ते खुशीत म्हणाले, सगळी पुस्तकं त्यांना पाठ आहेत. वाचणाऱ्या मुलीचा आवाज कुठं घाबरतो, तेवढंच नवीन असतं.

८ नोव्हेंबर
परवा सगुणाताईंच्या हातून माझा फोन बादलीत पडला. दुरुस्तीला गुहागरला दिलाय म्हणाल्या. फाटकाला दिवसाही कुलूप असतं. किल्ली मागितली, तर सापडत नाही.
दुपारी कपाटात पुस्तकांच्या मागे एक वही मिळाली. राजश्री नावाच्या मुलीची रोजनिशी. तीही इथं वाचायला होती. मला तर सांगितलं होतं की मीच पहिली. शेवटचं वाक्य अर्धंच आहे: 'मी लिहिते ते सगळं त्यांना'
वही माझ्या गादीखाली ठेवली आहे.

९ नोव्हेंबर
वाचता वाचता काकांनी मला थांबवलं. शांतपणे म्हणाले, "राजश्रीची वही गादीखाली नको ठेवू गो. दमट होईल."
मी कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त इथं लिहिलं होतं.

१० नोव्हेंबर
फाटकाची दुसरी किल्ली सापडली. विहिरीजवळ, तुळशीच्या कुंडीच्या मागे पुरून ठेवली आहे. उद्या दुपारी सगळे झोपले की निघते.

११ नोव्हेंबर
हे वहीत नाही, एका पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिते आहे. कालचं खोटं होतं. पुस्तकातले गुप्तहेर लावतात तसा सापळा.
सकाळपासून सगुणाताई कुंडीमागे खणत आहेत.
म्हणजे त्यांना वाचता येतं. मग मी कशाला हवी?
खाली जाऊन काकांना सरळ विचारलं. त्यांनी चहा संपवला. म्हणाले, "छापलेल्या गोष्टीचा शेवट मला ठाऊक असतो. तुझी रोज नवी असते. सगुणा चांगली वाचते."
राजश्री कुठं आहे, विचारलं.
"तिनं लिहायचं सोडलं."
मी माडीवर पळाले. मागोमाग बाहेरून कडी लागली.

१३ नोव्हेंबर
वहीत काही लिहिलं नाही. जेवण आलं नाही. पाणीही —
दाराखालून कुणीतरी पेन्सिल आत सरकवली. नवी, टोक काढलेली.

१४ नोव्हेंबर
लिहिलं. पानभर. काय लिहिलं आठवत नाही. दार उघडलं, ताट आत. दाराबाहेर सगुणाताई वाचत होत्या, माझंच — काका हसले. लिहिताना मी जिथं घाबरले होते, तिथंच ते हसले.

१६ नोव्हेंबर
खिडकीचे गज हलत नाहीत. हात सोलले. आई येईल — ताई म्हणाल्या, फोन दुरुस्त झाला, तुझ्या आईला मेसेज जातात रोज.

१७ नोव्हेंबर
फाटक वाजलं. रिक्षा. एक मुलगी हसत विचारतेय, पुस्तकं कुठं आहेत. मी ओरडले, दारावर लाथा मारल्या. सगुणाताई तिला सांगतायत, वानरं आहेत गो, कौलांवर नाचतात.
ती पुन्हा हसली.
आता अंगणात उभी आहे, खिडकीखालीच. पाठमोरी. रिक्षावाला अजून बॅगा उतरवतोय. हे पान फाडून गजांतून टाकते. मुली, वर बघू नकोस, कुणाला दाखवू नकोस, रिक्षा आहे तोवर फाटकातून — माझं नाव समीक्षा, हर्णैची, माझ्या आईला —
पान टाकलं, आता पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर लिहितेय. ती वाकली. नाही, तिच्या आधी सगु