बगलफूट

प्रिय भिंगरी,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. हात कसा आहे, गोळी घेतलीस का, असं विचारतेस आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तूच देऊन मोकळी होतेस. पत्राला मधे तोडता येत नाही. तेव्हा आता गप बसून वाच.

जिन्यावरून पडून उजवं मनगट मोडलं, ते तुला माहीतच आहे. प्लास्टर निघालं तेव्हा तुम्ही सगळे खूश झालात. मी नव्हते. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांना भेटायलाच तयार नव्हते. चहाचा कप उचलता यायचा, पण सुई धरायला गेले की सटकन निसटायची. शिंपिणीला नुसता कप उचलता येऊन काय करायचंय? याच दोन बोटांवर मी घर चालवलं आणि तुला वाढवलं. तू म्हणालीस, दुकान बंद कर, माझ्याकडे ये, आराम कर. तुझी माया कळत होती गं, पण आराम हा शब्द ऐकला की मी फोनच ठेवून द्यायचे. बाजारात जाताना मी पलीकडच्या फुटपाथवरून जायचे, आपल्याच दुकानाचं कुलूप दिसू नये म्हणून. व्यायामवाल्या बाईंनी दिलेला रबरी चेंडू दाबून दाबून मला त्या चेंडूचाच राग यायला लागला होता.

माझं एरंडेल प्यायल्यासारखं तोंड बघून वरच्या मजल्यावरच्या पोस्टमनकाकांनी टोमॅटोची रोपं आणून दिली. रिटायर झाल्यापासून त्यांचा सगळा जीव त्यांच्या कुंड्यांत. मी जन्मात कधी काही लावलेलं नव्हतं, पण रिकामं बसून डोकं फिरण्यापेक्षा बरं, म्हणून गच्चीवर ओळीने कुंड्या मांडल्या. रोपं सुसाट वाढली, नुसता पसारा झाला. काका जाता जाता म्हणाले, बाई, आठवड्याला बगलफूट काढत जा. मी मान डोलावली. आता मला सांग, आयुष्यभर टेप गळ्यात घालून फिरलेल्या बाईला फूट म्हटल्यावर काय कळणार? मला वाटलं, बगलेने फूटभर कमी करायचं. टेप लावून, खडूने खुणा करून, डाव्या हातात मोठी कात्री धरून मी सगळी रोपं दोन्ही बाजूंनी फूटफूटभर छाटली. इतकी सरळ कड आली की मीच माझ्यावर खूश. काका आले, त्यांनी बघितलं आणि पाण्याच्या टाकीला टेकून खालीच बसले. पानांबरोबर फुलांचे घोससुद्धा गेले होते. हसावं की रडावं ते त्यांना कळेना. मग मला समजावलं, अहो, फूट म्हणजे इंच-फुटातला फूट नव्हे, पालवी फुटते ती फूट. पान जिथे खोडाला जुळतं, त्या बेचक्यातून कोवळा फुटवा निघतो, तेवढाच काढायचा.

हे कळल्यावर मात्र मला पुढचं कुणी शिकवावं लागलं नाही. अंगाला बाही जिथे जोडतो ना, तीच ही बगल. आंधळीलाही सापडेल. काकांची अट एकच, कात्री लावायची नाही, कोवळा असताना चिमटीने खुडायचा. झाली का पंचाईत. चिमटीच तर गेली होती माझी. डाव्या हाताने बघितलं, तर एका रोपाचा शेंडाच मोडून हातात आला. मग नाइलाजाने उजवा हात पुढे केला. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणून आणि फुटवा नुसताच चेंगरून तसाच राहिला म्हणून. पण रोज सकाळी नवीन फुटवे हजर. चेंडूचं आज नाही, उद्या करू म्हणता येतं, टोमॅटोचं तसं नाही. हळूहळू बोटं हिरवी-काळी व्हायला लागली, साबणाने धुतली तरी वास जाईना. आणि एका सकाळी फुटवा टकदिशी तुटून माझ्या चिमटीत आला, गेला पण नाही कुठे सटकून. मी गच्चीवर एकटीच मोठ्याने हसले.

त्यानंतर मी थांबलेच नाही. एकेक खोड ठेवलं, वर दांडीला सुतळी बांधली आणि वाढेल तसं खोड तिच्याभोवती फिरवत गेले. गाठी सैल ठेवल्या, वाढत्या अंगाला जागा सोडायची असते हे मला कुणी शिकवायला नको. घोस पुन्हा धरले. आता असे लाल टोमॅटो लगडलेत की काका रोज काही ना काही कारण काढून वर येतात. मला शिकवलं, पण स्वतः खुडायचा कंटाळा, म्हणून त्यांच्या झुडपांत नुसता पाला आणि माझ्याकडे नुसती फळं. माणूस सज्जन, माझी रोपं सरस म्हणून तोंडावर कबूल करून टाकलं त्यांनी. मी वरवर नाही नाही म्हटलं, पण आतून अशी फुलले होते म्हणून सांगू!

मग सुई घेतली. ओवली. एका जुन्या कापडावर काज करून बघितलं, उसवलं, पुन्हा केलं. सोमवारी दुकान उघडलं. समोरच्या बेकरीवाल्याची बायको कोटाची बटणं लावून घेऊन गेली आणि जाताना म्हणाली, हात बरा झाला वाटतं. एवढंच म्हणाली, पण मला दिवसभर पुरलं.

आता मुद्द्याचं. येत्या रविवारी जावईबापू मला सामानासकट न्यायला गाडी घेऊन येणार आहेत. या, जरूर या, पण गाडी परत जाईल ती टोमॅटो भरून, मी त्यात नसेन. तुझं बाळंतपण मीच करणार, हवी तेवढी राहीन, आणि मग माझ्या दुकानात परत येईन. रागावू नकोस. रागावलीस तरी चालेल, पण तूही त्यांच्याबरोबर ये, मागच्या सीटवर नीट पाय पसरून. चौथा महिना लागला, जुने कपडे आता अंगाला होत नसतील आणि बाजारचे तुला कधीच बसत नाहीत. मला न्यायला येऊ नकोस, माप द्यायला ये.

तुझीच, कामात असलेली,
आई