चार, तीन, सात

इंदूर, ता. ९ डिसेंबर १९९८

चि. संबोधीस आजीचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र पोचलं. नागपूरला थंडी पडली, मेसची पोळी चामड्यासारखी असते, नर्सिंगची परीक्षा जानेवारीत आहे, सगळं वाचलं. पोळी चावून खा, परीक्षा नीट दे. इकडे आम्ही ठीक आहोत. मी चौथी पास बाई, अक्षर वाकडं येतं, हसू नकोस.

तू टोमणा मारलास की दर रविवारी आपल्या गल्लीतल्या पीसीओवर फोन करते आणि आजोबा एकदाही बोलायला येत नाहीत, नाराज आहेत का. नाराज नाहीत. त्याचं पुढे लिहिते. आधी घड्याळाचं वाच.

उदयसिंहजी तुला आठवत असतील, मोठ्या मिशांचे. आजोबा दिवसा मिलमध्ये कापडाचे साचे चालवायचे आणि संध्याकाळी ओट्यावर घड्याळं उघडून बसायचे, त्यातलं हे सगळ्यात बडं गिऱ्हाईक. घरात साठ-सत्तर घड्याळं, आणि चावी द्यायला माणूस नाही, म्हणून हॉलमध्ये प्रत्येक घड्याळाची वेळ निराळी. मिल बंद होऊन सहा वर्षं झाली, आजोबा नुसते बसून. मागच्या महिन्यात उदयसिंहजींनी निरोप पाठवला की विलायतेहून नवीन घड्याळ येतंय, शौकीन लोक बघायला येतील, आनंदरावजी पण या, मग घड्याळांच्या देखभालीचं काम कायम तुमच्याकडे देऊन टाकू. त्या दिवसापासून आजोबा रोज दाढी करायला लागले.

त्या बंगल्यात एक रिवाज आहे. नवं वाजणारं घड्याळ आलं की त्यावर रुमाल टाकायचा, खटका दाबायचा, आणि आजोबांनी नुसत्या कानाने ऐकून सगळ्यांसमोर वेळ सांगायची. उदयसिंहजींच्या वडिलांचं असं एक घड्याळ आजोबांनीच सुधरवलं होतं. आधी जाड ठोके, ते तास. मग जोडठोके, ते पाव तास. मग बारीक ठोके, ती मिनिटं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. तुझ्या आजोबांना ऐकू येत नाही. साच्यांच्या आवाजाने उजवा कान मिलमध्येच गेला होता, डावा दोन वर्षांपूर्वी गेला. समोरच्याचे ओठ बघून बोलतात, कुणाला पत्ता लागू देत नाहीत. घड्याळ दातात धरतात आणि चालतंय की नाही ते ओळखतात. फोनला ओठ नसतात. म्हणून येत नाहीत. तुला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली होती, ती मोडली.

तर आठ दिवस आम्ही घरात तालीम केली. मिलमध्ये आवाजात बोलणं व्हायचं नाही, आम्ही सगळे हातांनी बोलायचो. मी वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात होते, लग्नाचं पण आमचं असंच ठरलं. तीच भाषा काढली. तास म्हणजे छातीवर बोटं, पाव म्हणजे हनुवटीवर, मिनिटं म्हणजे कपाळावर. मी पाठमोरी बसून तांब्या-वाटी वाजवायची, मग वळून बोटं दाखवायची. एकदाही चुकले नाही.

रविवारी गेलो. मी चष्म्याची डबी आणि हत्यारांची पेटी धरून दाराशी उभी, बाजूला बंगल्याची स्वयंपाकीण गंगूबाई. दहा-अकरा जण आले होते. घड्याळ काचेच्या पेटीत, उदयसिंहजींच्या हातात पांढरे मोजे, नवरीचं तोंड उघडावं तशी मखमल उचलली. एकाने घड्याळाचं तोंड बघायच्या आधी पाठ बघितली. एक म्हणाला जाड आहे, बाहीत जाणार नाही. बेटमा गावचा सोयाबीनवाला नुसता पेटीभोवती फिरत होता. एक जण चष्मा काढून डोळे पुसायला लागला, तर गंगूबाई म्हणते, हा बापाच्या मयताला इतका रडला नव्हता. लक्ष्मीकांत सेठ वाकून वाकून म्हणाले, "भिया, सब है इसमें, टाइम किधर है?" शंभर वर्षांच्या अमावस्या-पौर्णिमा भरल्यात म्हणे त्यात. बघायला यातला कोण उरणार आहे, ते विचारावंसं वाटलं.

मग उदयसिंहजी पाव्हण्यांना समजावून सांगायला लागले की यात नई बात ये है, ये पाव घंटा नहीं बजाती, दस-दस मिनट बजाती है. मी ऐकलं. या कानांनी ऐकलं, संबोधी. मला वाटलं, बड्या लोकांची बडाई चाललीय. आजोबांकडे त्यांची पाठ होती, आणि तोंड असतं तरी त्या मिशांखालून काय दिसणार.

रुमाल टाकला. ठोके पडले. मी बोटं दाखवली. छातीवर चार, हनुवटीवर तीन, कपाळावर सात. बरोबर मोजले. आजोबांनी तीन पाव, म्हणजे पंचेचाळीस धरले आणि खणखणीत सांगितलं, "चार बज के बावन मिनट."

सेठने रुमाल उचलला. चार सदतीस झाले होते.

"पंद्रह मिनट आगे चल रिये हो, आनंदरावजी," सेठ खाली घड्याळाकडे बघतच म्हणाले, आणि सगळे हसले. उदयसिंहजीही हसले.

आजोबांना ते हसणं दिसलं. त्यांना वाटलं, खूश झाले. त्यांनी हात जोडले आणि सगळ्यांकडे एकेक करून बघत हसले.

रिक्षात मला हाताने म्हणाले, जमलं.

परवा गंगूबाई येऊन गेली. साहेबांनी घड्याळांचं काम मुंबईच्या कंपनीला दिलंय, आनंदरावजींना तकलीफ नको, असा निरोप. आजोबा समोरच बसले होते. हाताने विचारलं, काय म्हणते. मी हाताने सांगितलं, अजून थोडे दिवस.

मी लोकांना तोंडावर बोलणारी बाई. मुकादमाला बोलले, युनियनवाल्यांना बोलले, तुझ्या बापालाही सोडलं नाही. पण हे कसं सांगू. सांगायचं तर दस मिनटांचं पण सांगावं लागेल, की मी ऐकलं होतं. धागा तुटला, साहेब आला, चहा आला, सगळ्याला आमच्यात खूण होती. याला नाही.

तू फोन करू नकोस. आजोबांना पत्र लिही, मोठ्या अक्षरात. हे काही लिहू नकोस. तिथलं काहीही लिही, पोळीचं लिही.

आत्ता ते इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसलेत. बंगल्याची गाडी येईल म्हणून रोज बसतात. कुणाला लिहितेस, विचारलं. तुझं नाव दाखवलं. म्हणाले, तिला लिही, आजोबाला काम लागलं.

आता उठून बाजूला येऊन उभे आहेत, बघतायत. म्हणून लिहिते.

आजोबाला काम लागलं.

तुझी आजी
कौसल्या