पाव मिलिमीटरचा फरक

घरच्या सरकारांस शिरसाष्टांग नमस्कार,

मी ठणठणीत आहे. आईचा गुडघा कसा आहे? मालीश चुकवत नाही ना ती?

आधी गुन्हा कबूल करतो. महिन्यापूर्वी मी वरचे दोन दात काढून नवे बसवले. तू घाबरशील म्हणून बोललो नाही. दात देखणे आहेत, पण क्लॅरिनेट तोंडाला लावली की कळ यायची आणि सूर चिरकायचा. बँडमास्तर म्हणाले, "शनिवारपर्यंत बघू." म्हणजे तोवर सूर सुधारला नाही तर नोकरी गेली.

शेवटी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे गेलो. क्लॅरिनेटचं तोंडात धरायचं टोक, म्हणजे माउथपीस, कपाटातलं सगळ्यात चकचकीत ते मी उचललं, तशा त्या हसल्या. "रूप नको, माप बघा."

त्यांनी माझं जुनं माउथपीस काचेवर ठेवलं आणि मधे कागदाहून पातळ पत्री सरकवली. पत्री अडते तिथून उतार सुरू होतो, आणि टोकाशी रीडसाठी, म्हणजे फुंकरीने थरथरणाऱ्या वेताच्या पट्टीसाठी, उरते ती फट. माझी फट सव्वा मिलिमीटर, म्हणून दात जोरात दाबावे लागत, आणि नव्या दातांना ते सोसत नव्हतं. त्यांनी एक मिलिमीटर फटीचं, लांब उताराचं दिलं. पाव मिलिमीटर गं! त्यापायी मी अर्धा झालो होतो.

शनिवारी पहिलाच सूर असा मोकळा निघाला की ढोलवाला वळून बघायला लागला. मास्तर एवढंच म्हणाले, "एकट्याने वाजवायचा तुकडा तुमच्याकडेच."

तीन आठवडे पत्र का नव्हतं, कळलं ना? नोकरी राहते की जाते तेच ठाऊक नव्हतं, आणि तुला खोटं लिहवत नव्हतं. रागाव, पण उलट टपाली रागाव.

तुझाच,
अजून बँडात असलेला