सात विसा आणि चार

वडूज,
१८ डिसेंबर २०२४

चि. अक्षता हिस आबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. फोनवरचे वाक्य पुन्हा तपासता येत नाही, म्हणून तू आजोबांना पत्र लिहितेस, याचा आनंद आहे. मात्र तुझे अक्षर अलीकडे फार बारीक झाले आहे. ते मोठे काढ.

हिवाळ्यातील छायाचित्रणस्थळांच्या पुस्तिकेसाठी तुला वीस जानेवारीपूर्वी चित्रे द्यायची आहेत, तर आपल्या तळ्यावर ये. बांधावरच्या जुन्या बाभळीला टेकून पूर्वेकडे तोंड कर. सात वाजता धुके उचलते आणि त्याखालून हंस दिसू लागतात. दुपारनंतर सांडव्याच्या पायरीवर जा; तेथे पाणी अगदी निवांत असते. जतकडच्या मेंढपाळ बायडाबाई यंदाही तळ्याकाठी पाल टाकून आहेत. चहा त्या देतील. आग्रह मोडू नकोस.

काल मी स्वतः मोजले. डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस सात विसा आणि चार होते. हा आकडा तुझ्या बाबांना, चि. इंद्रजितला, अवश्य दाखव. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा लकडा त्याने आता थांबवावा. पलीकडच्या काठावरचे हंस मोजणाऱ्या डोळ्यांना चाकू कशाला?

माया आहेच; ती पत्रागणिक वाढती ठेव.

तुझे आबा


सांगली,
३० डिसेंबर २०२४

ती. आबांस अक्षताचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर मोठे काढले आहे. तुमच्याकडे दोन दिवस राहिले, पण हे समोर बोलण्याचे धाडस झाले नाही.

तुम्ही थंडीचे निमित्त सांगून घरी थांबलात आणि मी पहिल्या सकाळी बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बाभूळ शोधत फिरले. ऊन वर आले, धुके गेले, एकही चित्र मिळाले नाही. बायडाबाई मेंढ्या घेऊन निघाल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आगं, ती बाबळ दोन सालामागं वादळात पडली की. मास्तर बोललं न्हाईत व्हय?” आबा रोज येतात ना, असे मी विचारले, तेव्हा त्या घुटमळल्या. मग सांगितले, की दोन हिवाळे तुम्ही पालापर्यंतच येता, चहा घेता आणि पाखरे किती आली, ते त्यांनाच विचारता. त्या मेंढ्या मोजतात तशीच पाखरेही मोजतात, वीस-वीसच्या गटांनी.

‘सात विसा’ वाचले, तेव्हाच मी थबकले होते. आम्हां नातवंडांना दशक-शतकाचा हिशेब चुकला तरी उठवून उभे करणारे तुम्ही!

बाबांना तुमचा आकडा दाखवला. बाकी मी काही सांगितलेले नाही. दुसऱ्या सकाळी बायडाबाईंनी दाखवलेल्या खडकावरून चित्र मिळाले. मोठे छापून सोबत पाठवते. त्यात हंस किती, ते तुम्ही मोजून कळवा. पुस्तिकेत चित्राखाली तो आकडा तुमच्या नावाने छापायचा आहे.

रागावलात तरी चालेल, उत्तर मात्र नक्की पाठवा.

तुमची अक्षता


वडूज,
७ जानेवारी २०२५

चि. अक्षता हिस आबांचे अनेक आशीर्वाद.

भिंग घेऊन दोन सकाळी उन्हात बसलो. चित्रात मला पांढरट धूर दिसला. हंस असल्याचे केवळ तुझ्या शब्दावरून मानले. शेवटी चित्र पालावर नेले. बायडाबाई म्हणाल्या, “मास्तर, आता कागदावरचीबी मीच मोजू व्हय?” शेजाऱ्याच्या पाटीवरचे उतरवून घेऊ नये, असे मुलांना सदतीस वर्षे शिकवले, आणि दोन हिवाळे मी दुसरे काय केले?

भीती चाकूची नव्हती. काही बिघडले, तर भिंगातून मिळणारे अक्षरही जाईल, तुझे पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागेल, ही होती. परंतु बांधावरचे झाड पडते आणि मला दोन वर्षे कळत नाही, म्हणजे आणखी राखण्यासारखे फार उरलेले नाही.

चि. इंद्रजितला तू काही सांगू नकोस. या टपालाने मी स्वतः लिहिले आहे. येत्या मंगळवारी सांगलीस पोचतो. हंस फेब्रुवारीअखेर परततात, त्यापूर्वी मला बांधावर उभे राहता येईल का, एवढे डॉक्टरांना विचारून ठेव.

बायडाबाईंनी अखेर बोट ठेवून मोजले. सहा विसा आणि नऊ. पुस्तिकेत त्यांच्याच नावाने छाप, आणि तो आकडा एकशे एकोणतीस असा शुद्ध करू नकोस.

येतोच आहे, तोवर लोभ सांभाळून ठेव.

तुझे आबा