शिळा धडा

कासवखडक दिवा,
रेवदंड्यासमोर, जि. कुलाबा
ता. १४ नोव्हेंबर १९६१

ती. दादांच्या पायांवर कान्हाचं डोकं. वहिनींना नमस्कार, पोरांना पापे.

आम्ही तिघं इकडे बरी आहोत. समुद्र निवलाय. दीपगृहाच्या काचा मी रोज सकाळी पुसतो, केसर मासळी सुकवते, राही कावळे हाकते. तुळशीराम तांडेल दर पंधरवड्याला शिधापाण्याची होडी आणतो. या खेपेला त्यानं तुमचं कार्ड आणलं. 'कार्तिकी पौर्णिमेला येतो, राहीला तळा गावी घेऊन जातो, इथे माझ्या शाळेत घालतो. तू तिसरीतून पळालेला, पोरीला काय शिकवणार?' एवढंच लिहिलंय. ते तुळशीरामनं वाटेत मोठ्यानं वाचलं होतं, म्हणजे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे.

तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. मी पळालो. मग उरणला मिठागरात राबलो, मचव्यावर खलाशी होतो, श्रीवर्धनला सुपाऱ्या काढायला झाडावर चढलो. दादा, सुपारीच्या शेंड्यावरून दुसऱ्या झाडाच्या शेंड्यावर जाता येतं, खाली उतरावं लागत नाही, झाड असं वाकवायचं... जाऊ दे. ते नंतर कधीतरी.

राहीबद्दल लिहायला बसलोय. खडकावर शाळा नाही, होडी रोज नाही, म्हणून पोरगी सहा वर्षांची झाली तशी मीच पाटी धरली. चौलच्या बाजारात एक जुनं बुक मिळालं, पुठ्ठा नसलेलं. त्यात हिशेब, भूगोल, सगळं होतं. तीन वर्षं त्या बुकावर चाललो. आधी मी वाचायचो, मग ती. तिला सगळं पाठ. मला वाटलं, झालं, आपण मास्तर झालो.

नारळी पुनवेनंतर समुद्र उघडला तेव्हा तिला घेऊन किनाऱ्यावरच्या शाळेत गेलो. चौथीची परीक्षा बाहेरून देता येते असं तुळशीराम म्हणाला होता. तिथे मनुबाई म्हणून मास्तरीण आहेत. पन्नाशीच्या, आवाज असा की लाटांनाही गप्प बसावं लागेल. त्यांनी राहीला फळ्याजवळ उभं केलं.

"आपलं राज्य कोणतं गं?"

"मुंबई राज्य."

वर्गात खसखस पिकली.

"बरं. एका किलोचे ग्रॅम किती?"

"किलो नाय, शेराचं विचारा. चार पावशेर, आठ नवटाक."

मग तर बाकं वाजली. राही जरा चुकली, बाकी वाचन तिचं फार छान झालं. मनुबाई म्हणाल्या, अक्षर मोत्यासारखं आहे. कविता तर तिनं अशी म्हटली की खिडकीतून दोन बाया डोकावल्या.

हे असं मी सगळ्यांना सांगतो. तुम्हालाही असंच लिहून पाठवणार होतो, म्हणून हे पत्र दोनदा फाडलं.

राही चुकली नाही, दादा. मी शिकवलं ते तिनं चोख सांगितलं. महाराष्ट्र झाला त्या मे महिन्यात तुळशीरामनं पेढे आणले होते. मी दोन खाल्ले. आणि दुसऱ्या दिवशी त्याच तोंडानं तिच्याकडून 'मुंबई राज्य' पाठ करून घेतलं! तुळशीराम पंधरा दिवसांचे पेपर एकदम आणतो, ते मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. माणूस आभाळात जाऊन फेरी मारून आला तेही मला ठाऊक होतं. पण पेपरातलं ते जगाचं आणि बुकातलं ते शिकायचं, असं माझ्या डोक्यात बसलेलं. बुकातला धडा शिळा होतो हे मला कधी सुचलंच नाही. मासळीचा वास येतो, धड्याचा येत नाही.

तेही एक वेळ चालेल. पुढचं चालणार नाही.

पोरं हसत होती, तेव्हा मनुबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "घरी कोण शिकवतं हिला?" आणि मी म्हणालो, "मी असं शिकवलं नव्हतं. हीच विसरली."

सगळ्या वर्गासमोर म्हणालो. राहीनं माझ्याकडे एकदा बघितलं. परतीच्या होडीत पुढच्या टोकाला, नाळेवर, पाठ करून बसली. घरी आल्यावर पाटी पिंपामागे ठेवली आणि आठ दिवस काढली नाही.

केसरनं सगळं काढून घेतलं माझ्याकडून. मग तोंड सोडलं. "पोर न्हाय चुकली, तुम्ही चुकलाव. वर तिच्यावर ढकललाव? आनि किलोचं मला तरी इचारायचं. दोन वरसं तुलशीरामकडून तांदूल किलोनंच घेतंय मी. शेराहून चिमूटभर जास्त भरतो."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कोन इचारतंय? तुम्ही मास्तर!"

दादा, तिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, आणि या खडकावर तेवढी एकच माणूस आजच्या दिवसात राहत होती.

नवव्या दिवशी मी राहीपुढे बसलो. म्हणालो, "तू बरोबर सांगितलंस. मी जुनं शिकवलं, आणि वर खोटं बोललो." तिनं हातातल्या कालवांच्या शिंपा मोजून संपवल्या. मग म्हणाली, "तर जाऊन सांगा त्यांना."

पुढच्या होडीनं गेलो. मनुबाईंना वर्गासमोरच सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता काय करणार?" मी म्हणालो, "बाई, मला शिकवायचंय, पण माझ्याजवळ काही ताजं नाही. पंधरवड्यातून मला एक दिवस सुटी असते. मागं बसू का?"

"बसा. पण टोपी काढायची, पाढे म्हणायचे, आणि मधेच उठून समुद्र बघायला जायचं नाही."

हे शेवटचं त्यांना कुणी सांगितलं देव जाणे.

आजवर पाच वेळा बसलोय. गुडघे बाकाखाली मावत नाहीत, म्हणून आडवा बसतो. पुढच्या बाकावर आवडी नावाची चिमुरडी आहे, ती मान वळवून मला दटावते, "काका, उत्तर आलं नाय तर बोट वर करू नका, उगाच टाइम जातो." पहिल्या दिवशी कान तापले होते. आता हसतो. राही मला प्रश्न लिहून देते, जे मला आले नाहीत ते. ग्रॅम कोणी ठरवला? आभाळातल्या माणसाला ओहोटी दिसते का? मी विचारून येतो. बाईंनाही काही येत नाहीत. त्या सरळ म्हणतात, "मला येत नाही, बघून सांगते." आणि खरंच बघून ठेवतात. मोठ्या माणसानं असं म्हटलेलं मी एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

तुमच्या वर्गातून मी छडीला भिऊन पळालो असं सगळ्यांना वाटतं. छडी तुम्ही मला दोनदाच मारलीत, तीही हळू. मी पळालो ते 'येत नाही' म्हणायची लाज वाटली म्हणून. सख्खा भाऊ मास्तर, आणि आपल्याला भागाकार जमेना. ती लाज वीस वर्षं गावोगाव वागवली आणि शेवटी पोरीच्या डोक्यावर उतरवली. आता तिथून काढली आहे. परत ठेवणार नाही.

म्हणून राहीला पाठवत नाही. राग धरू नका. तुम्ही माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगलं शिकवाल, हे मला ठाऊक आहे. पण आत्ता गेली तर ती आयुष्यभर असं समजेल की बापानं चूक केली आणि पोरीला घराबाहेर जावं लागलं. केसरला विचारलं. ती म्हणाली, "आदी धाडा म्हनत व्हते. आता न्हाय. आता तुम्हाला शिकू दे." राहीला विचारलं, तर ती म्हणाली, "परीक्षा झाल्यावर विचारा." तेव्हा परीक्षा झाल्यावर तिलाच विचारू, आणि ती म्हणेल तसं करू.

सोबत मनुबाईंनी लिहून दिलेला अर्ज आहे. एप्रिलच्या परीक्षेला बसायचं तर त्यावर शिकून तयार झालेल्या मास्तराची सही लागते, की मुलीची तयारी मी तपासली. बाई सही द्यायला तयार होत्या, मीच नको म्हणालो, ती तुमचीच हवी. 'घरी शिकवणाराचे शिक्षण' अशी एक ओळ आहे. तिथे मी लिहिलंय: 'तिसरी अर्धवट. हल्ली चौथीत, पंधरवड्यातून एक दिवस.' खोडू नका.

पौर्णिमेला या. होडी मी सांगून ठेवतो. राहीला हवे ते प्रश्न विचारा, दिवसभर विचारा, मी खाली जाळ्यांकडे जाऊन बसतो. समाधान झालं तर सही करा, नाही झालं तर करू नका. कुठे कच्ची आहे तेवढं मला सांगा.

आणि चार दिवसांच्या बेतानं या. राही पुढे सरकली आहे, बाईंचा वर्ग अजून तिथे पोचला नाही, आणि मी पुरता अडलोय. दादा, मला दशांश अपूर्णांक येत नाहीत. ते मला शिकवा. तिला मी शिकवीन.

तुमच्या वर्गात पुन्हा बसायला तयार असलेला,
कान्हा